एक्केचाळीस पेट्या

वहिनी : तिथे उभी राहू नकोस. इकडे दाराजवळ ये.

धाकटी : एकदा मीटर लावून बघते, वहिनी. फक्त या पहिल्या टाकीतल्या बॅटरीच्या पेटीला.

वहिनी : मीटरचं नाव काढू नकोस माझ्यापुढे. त्या दिवशी तुझ्या दादानेही लावलं होतं. शून्य. पुसून परत लावलं, परत शून्य. मग छिन्नी घातली.

धाकटी : आत्ताही शून्यच आहे.

वहिनी : मग? दोन महिन्यांत शहाणं झालं असेल, असं वाटलं तुला?

धाकटी : नाही. मीटर खोटं बोलत नाही गं. त्याला जे विचारलं तेवढंच ते सांगतं. बॅटरीची टोकं खाऱ्या पाण्याने खाऊन टाकलीत. हा हिरवा गाळ बघ, ती टोकंच आहेत. टोकंच नाहीत तर आतलं बाहेर कसं येणार? म्हणून शून्य. आत भरलेली सगळी वीज तशीच आहे.

वहिनी : हे तू मला आत्ता सांगतेस.

धाकटी : हो.

वहिनी : भिंतीवर काय लिहिलंय ते वाच की. तुझंच अक्षर आहे. तेलरंगाने लिहून गेलीस, पुसायचं म्हटलं तर पुसत नाही.

धाकटी : माहीत आहे काय लिहिलंय.

वहिनी : मोठ्याने वाच.

धाकटी : ‘तीन दिवस मीठपाणी. मग मीटर. शून्य आलं तरच उघडायचं.’

वहिनी : तरच. त्याखाली दोन रेघा मारल्यास. हे तुला किती मानायचे माहीत आहे ना? घाई असली, गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी तीन दिवस म्हणजे तीन दिवस. ‘छोटीने सांगितलंय,’ म्हणायचे. जसं काही वेदवाक्य.

धाकटी : तेव्हा तो मोबाइलच्या सेलचं काम करायचा. चार व्होल्टचा सेल असतो तो. त्याला हे चालतं. या विजेवरच्या गाड्यांच्या पेट्या साठ व्होल्टच्या आहेत. साठ व्होल्टला मीठपाणी पहिल्या दोन तासांतच टोकं खातं आणि मग सगळं आतल्या आत अडकून बसतं. मला हे माहीत होतं. म्हणजे पुस्तकात वाचलेलं माहीत होतं. पेट्या इथे यायला लागल्या तेव्हा भिंतीवरचं बदलायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

वहिनी : डोक्यात आलं नाही.

धाकटी : नाही आलं.

वहिनी : बरं. आता टोमणे मारून त्यांची फुफ्फुसं काही परत येणार नाहीत. चहा घेतेस?

धाकटी : दादा झोपलाय का?

वहिनी : आत खुर्चीत आहेत. आडवं झालं की दम लागतो, त्यामुळे खुर्चीतच झोप आणि खुर्चीतच जागरण. पेटी भडकली तेव्हा तरी बाहेर यायचं. आले होते, रस्त्यापर्यंत आले होते. मग परत आत गेले, आकड्याने बाकीच्या पेट्या ओढायला. म्हणे, एकीची दुसरीला लागली तर पलीकडचं शिवणाचं दुकान जाईल. आठ बाया बसतात तिथे. तो पांढरा धूर दोन वेळा आत घेतला. डॉक्टर विचारतात, दुसऱ्यांदा का गेलात? मी म्हटलं, डॉक्टर, पहिल्यांदा तरी का गेले ते विचारा.

धाकटी : पाणी रोज कोण घालतं?

वहिनी : कोण घालणार? सात टाक्या, एक्केचाळीस पेट्या. उन्हाने पाणी उतरतं आणि उघडी पडली की तापते. कोपऱ्यावरच्या नळावरून बादल्या आणते. सकाळी एकदा, दुपारी एकदा. पण आता थोडेच दिवस. पत्र आलंय.

धाकटी : कुणाचं?

वहिनी : गाडीवाल्या कंपनीचं. अशी बघू नकोस. मी लिहिलं होतं त्यांना. ज्याने बॅटरी बनवली त्यानेच ती शेवटी परत न्यायची, असा कायदा झालाय, हे मला कुणी सांगितलं? तूच. याच दारात उभी राहून. किती खुशीत होतीस! ‘दादा, आता कंपन्यांच्या गळ्यात पडणार हे सगळं, आता कुणाला असं शेडमध्ये बसून फोडत बसावं लागणार नाही.’ ते मी लक्षात ठेवलं होतं. सगळ्या पेट्यांचे नंबर उतरवून घेतले. पोटावर पडून, टॉर्च धरून. काहींचं स्टिकर खालच्या बाजूला होतं, ते आरशात बघून उलटं लिहिलं. चार पानं झाली.

धाकटी : मला का नाही सांगितलंस?

वहिनी : तू कारखान्यातली मोठी माणूस. म्हटलं, तुला कशाला मध्ये घालायचं. आणि खरं सांगू? रागही होता. हे घे. दोन दिवस झाले येऊन. मी उघडलं, पण ती भाषा माझ्या डोक्यावरून जाते. तारीख कुठे दिसेना. कधी न्यायला येणार तेवढं बघ.

धाकटी : नंतर वाचते, वहिनी. आधी चहा घेऊ.

वहिनी : मघाशी चहा म्हटलं तर उत्तर नाही दिलंस. वाच.

धाकटी : ‘आपण कळविलेल्या एक्केचाळीस क्रमांकांची आमच्या नोंदींशी पडताळणी करण्यात आली. सदर सर्व बॅटऱ्यांची अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्रात शास्त्रीय पद्धतीने विल्हेवाट लावण्यात आली असून कंपनीची याबाबतची जबाबदारी पूर्ण झाली आहे. सोबत प्रमाणपत्राची प्रत जोडली आहे. पर्यावरणाविषयी आपण दाखविलेल्या आस्थेबद्दल आभार.’

वहिनी : हं. आणि येणार कधी?

धाकटी : नाही येणार.

वहिनी : म्हणजे?

धाकटी : त्यांच्या लेखी या पेट्या नाहीतच. मागच्या पावसाळ्याआधीच वितळवून, त्यातला धातू वेगळा काढून झालाय.

वहिनी : नाहीत? मग मी रोज पाणी कशाला घालते, गवताला? ये म्हणावं इथे, हात लावून बघ म्हणावं. नाही, थांब. एखाद्याची चूक झाली असेल. एवढे नंबर, एखादा आकडा इकडचा तिकडे. मी उलटं लिहिलं होतं ना काही...

धाकटी : नंबर बरोबर आहेत तुझे. सगळे.

वहिनी : ते प्रमाणपत्र दाखव इकडे. अधिकृत केंद्र कुठलं ते तरी बघू. हे तर तुझ्या कारखान्याचं चिन्ह आहे.

धाकटी : हो.

वहिनी : आणि ही सही...

धाकटी : वहिनी.

वहिनी : हे शेपूट. शेवटच्या अक्षरापासून मागे येऊन पहिल्या अक्षराला मिठी मारतं. अशी सही या घरात दोघंच करतात. एक आत खुर्चीत बसलंय. त्यांनीच शिकवली होती ना तुला, सातवीत? वहीची वही भरवून घेतली होती. लग्न झाल्यापासून ऐकतेय मी ती गोष्ट. आणि ते शेपूट इथे काढलंस? या कागदावर?

(आतल्या खोलीतून दादा येतो, नाकाला नळी, मागे चाकांवरचं ऑक्सिजनचं मशीन.)

दादा : तिला... ओरडू नकोस.

वहिनी : तुम्ही कशाला उठलात?

दादा : मशीनवर लिहिलंय... ‘आगीपासून दूर ठेवा’. म्हटलं, बघून यावं... कुठवर दूर ठेवता येतंय.

वहिनी : विनोद नको. बसा. हे बघा, तुमच्या बहिणीने काय केलंय.

दादा : माहीत आहे.

वहिनी : काय माहीत आहे?

दादा : कारखान्याच्या मागच्या गेटातून... पेट्या मीच उचलायचो ना. कागदावर लिहिलेलं असायचं, ‘पत्रा आणि प्लास्टिक’. आत काय आहे ते... मला कळत नव्हतं का?

वहिनी : म्हणजे दोघांनाही ठाऊक होतं. आणि मी पोटावर पडून आरशात नंबर बघत होते. हसला असाल मनातल्या मनात.

दादा : तू लिहीत होतीस... मला वाटलं, लिहू दे. कुणी सांगावं.

वहिनी : का केलंस गं हे? तू तर परीक्षेत बाकावरचं खोडरबरसुद्धा शेजारणीला द्यायची नाहीस म्हणे.

धाकटी : आमचं यंत्र दिवसाला एक टन फोडतं, वहिनी. फोडायचं, कारण पाच महिने ते बंदच होतं. कंपन्यांना प्रमाणपत्रं हवी होती रोजच्या चार टनांची. त्यांना पेटीशी देणंघेणं नाही, कागद वेळेत मिळाला की झालं. मालक म्हणाले, उरलेला माल बाहेर देऊ, काम तर होतंच आहे. मी म्हटलं, बाहेर द्यायचाच तर माझ्या भावाला द्या. दुसरा कुणी उघड्यावर हातोडा घालेल. माझा भाऊ नीट करतो, मी शिकवलंय त्याला. म्हणून सही करताना मला खोटं वाटायचंच नाही. वाटायचं, जागा फक्त वेगळी आहे. पेटी फुटणार आहे आणि नीट फुटणार आहे.

वहिनी : नीट.

धाकटी : हो. असं वाटायचं.

दादा : आणि मलाही... काम हवं होतं. मोटरींची तार गुंडाळायचं कामही संपलं होतं. ते सांग ना.

वहिनी : तुम्ही बोलू नका. दम लागतोय. ताई, आता ऐक माझं. जे झालं ते झालं. आता ऊठ आणि जा त्या प्रदूषणाच्या ऑफिसात. सांग, ही सही माझी आहे आणि ही सही खोटी आहे. पेट्या वितळल्या नाहीत, माझ्या भावाच्या दारात आहेत. नोकरी जाईल, जाऊ दे. तुरुंगात जावं लागलं तर मी डबा आणीन, रोज आणीन. पण या एक्केचाळीस इथून हलव. मी दुसरं काही मागत नाही.

धाकटी : सांगितलं.

वहिनी : काय?

धाकटी : मागच्या सोमवारी गेले होते. सगळं लिहून दिलं. सही केली त्याखाली. तीच.

दादा : छोटे...

धाकटी : मला वाटलं होतं, पोलिस बोलावतील. त्या माणसाने खुर्ची दिली. चांगला होता बिचारा. कॉम्प्युटरवर पहिला नंबर घातला, समोर ‘निकाली’ असं आलं. दुसरा घातला, निकाली. एक्केचाळीसही घालून बघितले त्याने, मधे जेवायलासुद्धा उठला नाही. मग म्हणाला, मॅडम, निकाली निघालेली बॅटरी परत उघडायची इथे सोयच नाही. असं कुणी करेल असं गृहीतच धरलेलं नाही. वरच्यांना फोन केला. वरचे म्हणाले, नव्या म्हणून नोंदवा. नवी नोंदवायला बनवणाऱ्याचं नाव लागतं. बनवणारा म्हणतो, आमच्या संपल्या. त्याच्याकडे कागद आहे. माझ्या सहीचा.

वहिनी : पण तूच म्हणतेस ना, कागद खोटा आहे!

धाकटी : मग कंपनी म्हणते, आम्हाला कारखान्याने फसवलं, कारखान्याला विचारा. कारखान्याला नोटीस आली. मालक म्हणाले, मला काय माहीत, सही बाईंची आहे. या बुधवारी मला काढलं. ऑफिसातला तो माणूस शेवटी मला म्हणाला, मॅडम, तुम्ही खरं बोलताय हे मला दिसतंय, पण तुम्हाला टाकू कुठल्या रकान्यात?

वहिनी : म्हणून ती बॅग घेऊन आलीस.

धाकटी : कारखान्याची खोली होती, सोडावी लागली.

वहिनी : मला वाटलं, दोन दिवस राहायला आलीस. बरं, तुझा कारखाना नाही तर दुसरा. असतील ना आणखी?

धाकटी : सहा आहेत. सगळ्यांना विचारलं. निकाली नंबरची पेटी दारातून आत घेता येत नाही त्यांना, घेतली तर त्यांचा परवाना जातो. एकाला दया आली, तो म्हणाला, रात्रीतून आणून टाका. मग मी टोकांचं सांगितलं. म्हणाला, टोकं गेलेली पेटी माझा एकही ड्रायव्हर गाडीत घालणार नाही. बरोबर आहे त्याचं. मीही नसती घालू दिली.

वहिनी : कशाला सांगितलंस टोकांचं?

धाकटी : वहिनी...

वहिनी : नाही, बरोबर. सांगायलाच हवं होतं. माझंच डोकं ठिकाणावर नाही. मग नदीत सोडू या?

धाकटी : नको.

वहिनी : गावाबाहेरच्या कचऱ्यात? तिथे कोण बघतंय?

धाकटी : तिथे आग लागेल. लोक राहतात कचऱ्यापाशी.

वहिनी : आणि आम्ही काय, झाडावर राहतो?

दादा : आपण... सोडून गेलो तर?

वहिनी : कुठे?

दादा : कुठेही. कुलूप लावायचं... आणि जायचं.

वहिनी : आणि पाणी? चौथ्या दिवशी उघड्या पडतील सगळ्या. पलीकडे त्या आठ बाया, वरच्या खोलीत ती बाळंतीण पोरगी, बाळ सव्वा महिन्याचं नाही अजून. तिला मी काय सांगू, आम्ही जातोय, तू बाळ घेऊन बादल्या भर? आणि बोलतंय कोण बघा. आठ बायांसाठी दोनदा धुरात गेलेला माणूस.

दादा : म्हणूनच म्हणतोय... मला आता जमणार नाही. तिसऱ्यांदा.

वहिनी : कुणी सांगितलंय तुम्हाला तिसऱ्यांदा जायला.

धाकटी : घरमालकाला माहीत आहे?

वहिनी : त्याला वाटतं, टाक्यांत मासे पाळलेत. हसू नकोस, खरंच सांगितलंय तसं. परवा विचारत होता, मोठे झाले का? म्हटलं, अजून नाही.

दादा : छोटे, एक विचारू? शाळेत विचारायचो तसं... खरं सांग.

धाकटी : विचार.

दादा : पाण्यात ठेवून ठेवून... आपोआप विझतात का या? कधीतरी?

धाकटी : विझतात. आतल्या आत झिरपत जातं थोडं थोडं.

वहिनी : बघ! मग हे आधी का नाही बोललीस? किती दिवस? पावसाळ्यापर्यंत?

धाकटी : काही आत्ताच मेल्या असतील. पाणी आत शिरलं असेल त्यांच्या. काहींना चार-पाच वर्षं लागतील. काही दहा वर्षंसुद्धा तशाच राहतील. कुठली कशी आहे ते बाहेरून कळत नाही. त्यामुळे सगळ्याच जिवंत धरायच्या.

दादा : दहा.

धाकटी : कदाचित. मला नक्की नाही सांगता येणार.

दादा : आणि डॉक्टर मला... किती म्हणाले?

वहिनी : डॉक्टर काही म्हणाले नाहीत.

दादा : तुला म्हणाले. बाहेर बोलावून. मी पाहिलं ना... काचेतून.

वहिनी : ते औषधाचं सांगत होते.

दादा : बरं.

धाकटी : दादा, भिंतीवरचं खरवडून काढू का? पत्र्याचा तुकडा आणते घासायला.

दादा : राहू दे.

धाकटी : चुकीचं आहे ते. कुणी वाचलं तर...

दादा : इथे कोण येतंय वाचायला? तुझं अक्षर बरं वाटतं... समोर. वर्गात पहिलं आलं होतं, हस्ताक्षर.

वहिनी : काढायलाच हवं ते. उद्या आम्ही नसलो आणि कुणी वाचून छिन्नी घातली म्हणजे? काढ तू, ताई. नाहीतर त्यावरच लिही मोठ्या अक्षरात, ‘उघडायचं नाही’. फक्त एवढंच. आणि खाली सहीबिही काही करू नकोस.

धाकटी : नाही करत.

दादा : खाली शेपूट काढ... नुसतं. मला कळेल, तूच लिहिलंय.

वहिनी : तुम्ही आत चला बघू, ओठ निळे पडलेत. ते मशीन ओढा इकडे. हळू. आणि ताई, मीठ आता घालायचं नाही ना यात?

धाकटी : नाही. साधं पाणी. पेटी पूर्ण बुडायला हवी, वर चार बोटं पाणी राहिलं पाहिजे.

वहिनी : माहीत आहे. चारच ठेवते. बॅग आत ठेव आणि ती निळी बादली घे, लाल गळकी आहे. आधी खिडकीखालची टाकी भर. अकराला तिच्यावर ऊन येतं.